मालकांचं उत्तर: बर्ग आधीच, दार बंदच

नमस्कार साहेब. पडद्यावर दाखवलेल्या आमच्या पाश्चात्य संगीताच्या कार्यक्रमाला तारे दोनच दिलेत, ते तुमच्याकडे. पण तुम्ही लिहिलेलं बाकीचे लोकही वाचतात, म्हणून इथेच उत्तर देतो.

तुमचं म्हणणं असं: व्हायोलिनवाला आधी तारा लावत बसला, मग अर्धा तास नुसता गोंगाट. नंतर लावलेली ब्राम्स या संगीतकाराची रचना तेवढी झकास, ती आधी लावली असती तर ज्याला जायचं त्याला जाता आलं असतं. सबब अर्धे पैसे परत द्या. शिवाय वादक पडद्यावर होते आणि मध्येच दार उघडलं नाही.

शेवटचे दोन मुद्दे आधी उरकतो. रेकॉर्डिंग आहे हे पोस्टरवर ठळक छापलं होतं. अडीचशे रुपयांत सत्तर-ऐंशी वादक कोल्हापूरच्या राजारामपुरीत कुठून आणू? आणि दार वाजवणं सुरू असताना बंदच राहणार.

आता तारा. तो तारा लावत नव्हता हो! आधी लावला तो संगीतकार आल्बान बर्गचा व्हायोलिन कॉन्सर्टो, म्हणजे एक व्हायोलिन आणि सोबत वाद्यवृंद अशी रचना. तो सुरूच तसा होतो. क्लॅरिनेट आणि हार्पच्या पाठोपाठ व्हायोलिन आपल्या चार मोकळ्या तारांवरून गज खालून वर आणि पुन्हा खाली नेतं. बर्गने बारा स्वरांची जी मांडणी केली, तिच्यात हे चारही स्वर मुद्दाम गुंफलेत. मानोन ग्रोपियस ही ओळखीच्या घरातली मुलगी १९३५ साली, १८ व्या वर्षी पोलिओने गेली. तिच्या आठवणीत हे लिहिलंय. त्याच डिसेंबरात बर्गही गेला. १९३६ साली बार्सिलोनाला पहिल्यांदा वाजलं ते त्याला ऐकायला मिळालंच नाही. तुमचा गोंगाट बहुधा दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचा. तिथे त्या पोरीचं मरण आहे, ते गोड कसं वाजवायचं? तो कल्लोळ ओसरला की व्हायोलिन बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं एक कोरल, म्हणजे चर्चमधलं भजन, धरतं आणि क्लॅरिनेट्स ऑर्गनसारखी उत्तर देतात. त्या कोरलचे पहिले चार स्वर म्हणजे बर्गच्या मांडणीतल्या शेवटच्या चार स्वरांचीच चाल. नेमक्या त्या वेळी तुम्ही मोबाईल बघत होतात, मागच्या रांगेतून उजेड दिसला.

ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदाच्या चार भागांच्या रचनेचा, शेवटचा भागही बाखच्याच एका कॅन्टाटावरून (चर्चमधल्या गायनरचनेवरून) घेतलेल्या धुनेवर उभा आहे. आठ मात्रांची नव्हे, आठ बारची (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) धून, तबल्याच्या सोलोला लेहरा धरावा तशी फिरत राहते आणि तिच्यावर तीस रूपं होतात. आधीचे तिन्ही भाग गप्प बसलेले ट्रॉम्बोन इथेच तोंड उघडतात. दोन्ही रचना बाखपाशी पोचतात, म्हणून ही जोडी. क्रमाचं म्हणाल तर ब्राम्स आधी लावला असता तर मध्यंतराचा चहा पिऊन अर्धा हॉल घरी गेला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच नाही लावला. अल्लादियाखाँसाहेबांनी ज्या गावात एकेक अनवट राग गायला, तिथल्या श्रोत्याला वीस-पंचवीस मिनिटं अवघड ऐकवायला मी कचरत नाही.

पैसे परत मिळणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर दुकानात या, कोरलपासून पुढचं बर्ग पुन्हा लावतो, चहा माझ्याकडून. ब्राम्स मागितलात तर मात्र तिकीट लागेल.