रस्त्यावरून वाहणारं पाणी सोवळं नाही

जूनच्या पहिल्या जोरदार सरीला रस्त्याकडेच्या चेंबरपाशी उभं राहून बघा. काळपट पाणी, वर तेलाचा तवंग, ब्रेकची नि टायरची झिजलेली धूळ, गुटख्याच्या पुड्या. हे सगळं पावसाळी गटारातून ओढ्यात आणि तिथून थेट पुण्याच्या मुठा नदीत. मैलापाण्यासाठी निदान शुद्धीकरण केंद्रं तरी आहेत. याला मात्र 'पावसाचं पाणी' म्हणून सगळं माफ!

टायरची धूळ म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. अमेरिकेत सिॲटलच्या ओढ्यांमध्ये कोहो सामन मासे पावसानंतर अंडी घालायच्या आतच मरायचे. २०२० मध्ये कारण सापडलं: टायरमधल्या एका रसायनाची ओझोनशी प्रक्रिया होऊन तयार होणारं विष. रस्त्यावरचं तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपवल्यावर मात्र मासे जगले. त्याच शहरात २००१ साली एका वस्तीतला रस्ता मुद्दाम अरुंद करून कडेला झाडाझुडपांचे उथळ चर केले. तिथून बाहेर वाहून जाणारं पाणी जवळपास ९८ टक्क्यांनी घटलं.

असे चर आपल्याकडेही करा म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणेल, तिथला पाऊस रिमझिम, आपला धो धो. मान्य. शिवाय पुण्यात बऱ्याच ठिकाणी वर चिकट काळी माती, खाली कातळ. नुसता खड्डा खणलात तर डबकं होणार आणि डास होणार. म्हणून खाली खडी, वर वाळू मिसळलेली माती आणि जास्तीचं पाणी गटारात जावं म्हणून थोडी उंचावर जाळी. एका दिवसात पाणी मुरलं की डासांच्या अळ्यांना सवडच मिळत नाही. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढा घराघरांत शिरला, तसला पाऊस याने अडणार नाही. नेहमीच्या सरींची घाण मात्र बरीचशी अडेल.

आपण करतो नेमकं उलटं. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक आणि झाडाभोवती वीतभर उंच कठडा. पाणी कठड्याला घासून निघून जातं, आणि मे महिन्यात त्याच झाडाला टँकर! नव्या रस्त्यांना निदान एक मातीचा पट्टा ठेवा, रस्त्यापेक्षा चार बोटं खाली. जुन्या झाडांची मुळं न तोडता कठड्याला दोन खाचा पाडायला तर निविदाही लागू नये.

चरातला कचरा कोण काढणार, असं विचारतात. चेंबरमधला आज कोण काढतं? तो झाकणाखाली असतो म्हणून दिसत नाही, एवढंच.

(प्रभागातल्या सगळ्या इच्छुकांना टॅग करतोय. तुमचे फ्लेक्स त्याच झाडांना बांधलेत.)