"पैसे पाण्यात गेले" या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार दिलात, त्याबद्दल तक्रार नाही. पण "पहिल्याच धुण्यात कार्डिगन वाढलं, खांदे दंडावर उतरले, दुकानाने हलका धागा गळ्यात मारला" असं चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच देते.

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. पाठीवर मोजपट्टी ठेवली आहे हे फार बरं केलंत, त्यामुळे टाके मोजता आले. १० सेंटीमीटरमध्ये १८ भरतात. धागा घ्यायला आलात तेव्हा जो अमेरिकन पॅटर्न दाखवलात, त्यात २२ सांगितले आहेत. छातीला एकूण १९८ टाके. २२ च्या हिशेबाने ते ९० सेंटीमीटर होतात, १८ च्या हिशेबाने ११०. जवळपास आठ इंच! एवढा फरक धुण्याने पडत नाही, तो विणतानाच पडलेला आहे.

सुया आईच्याच वापरल्या, नंबर ६, असं तुम्हीच लिहिलंय. गोम तिथेच आहे. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलट. त्यांची ६ म्हणजे ४ मिलिमीटर, आपली ६ म्हणजे ५. त्या पॅटर्नला आपली ८ नंबरची सुई लागते. म्हणून नंबर सोडून मिलिमीटर बघावेत आणि आधी हातभर नको, पण वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजावा. (हे मी प्रत्येकीला सांगते. ऐकतं कोण? स्वेटर कधी सुरू करते असं झालेलं असतं सगळ्यांना.)

आता धुण्याचं. मुंबईत लोकर उकडते म्हणून तुम्ही सुती धागा मागितलात, ते योग्यच होतं. पण सुताला लोकरीसारखा ताण नसतो, ओढलं की परत जागेवर येत नाही. त्यात ओलं कार्डिगन खांद्यांना चिमटे लावून दोरीवर टांगलं, की सगळं पाणी बाह्यांत उतरून खांदे ओढतं. टॉवेलवर आडवं पसरून पंख्याखाली वाळवायचं.

कार्डिगन वाया गेलेलं नाही. सुटे भाग विणून शिवलेलं आहे, तेव्हा बाजूच्या शिवणी आत घेता येतील. मात्र त्याने दीड-दोन इंचच कमी होतील. खांद्याच्या शिवणीवर आणि मागच्या गळ्याला आतून पट्टी शिवली की लोंबणं थांबेल. बाह्या लांब आहेत, तर बॉर्डरच्या वर, जेवढी लांबी कमी करायची तेवढ्यावरची एक ओळ कापून टाके सुईवर घ्यायचे आणि बॉर्डर खालच्या दिशेने पुन्हा विणायची. अगदी अंगासरशीच हवं असेल, तर मात्र उसवण्याला पर्याय नाही. उसवलेला धागा लड करून भिजवून वाळवला की सरळ होतो, पुन्हा वापरता येतो.

विणलेल्या धाग्याचे पैसे परत मिळणार नाहीत. न उघडलेले, लेबल असलेले गुंडे असतील तर बदलून देईन. पट्टी शिवून द्यायचे पैसे घेणार नाही. सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी दुपारी या, संध्याकाळी दादरच्या गर्दीत शांतपणे बसून दाखवता येत नाही. येताना त्या सुयाही आणा.