नाडी ५४ दिसली म्हणून स्ट्रिप परत आणू नका

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: 'बीपीच्या गोळीनं नाडी ६० च्या खाली गेली की समजा हृदय बंद पडत चाललंय. सगळ्या गोळ्या सारख्याच. नाडी कमी म्हणजे बीपीही कमी. गोळी त्याच दिवशी बंद करा आणि मीठ-पाणी प्या.' माझं औषधाचं दुकान आहे. चार दिवसांत तिघं जण उरलेली स्ट्रिप परत घ्याल का, म्हणून विचारून गेले.

पहिलं, ६० चा आकडा. शांत बसलेल्या माणसाची नाडी ६० ते १०० धरतात, हे खरं. पण ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. रोज पळणाऱ्याची नाडी पन्नासच्या आसपास असते आणि झोपेत तर चांगल्या धडधाकट माणसाचीही उतरते. आपल्याकडे उलटा घोळही बघायला मिळतो. तालीम सोडून तीस वर्षं झालेले आबा नाडी ४५ आली की म्हणतात, "पैलवानाची नाडी हाय." तशी ती राहत नाही आबा, मेहनत सुटली की हळूहळू वाढते. पासष्टीतली ४५ तालमीच्या खात्यावर घालू नका, दाखवून घ्या.

'सगळ्या गोळ्या सारख्याच' हे तर साफ चूक. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असतं, ते सोडा. खालचं बारीक अक्षर वाचा. शेवटी 'लॉल' असेल, म्हणजे मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, तर ती बीटा ब्लॉकर. नाडी मंद करणं हे तिचं कामच आहे. ती दिल्यावर ५४ ते ५८ आली आणि माणूस ठणठणीत असला तर बहुतेक वेळा गोळी लागू पडली एवढाच त्याचा अर्थ. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलही नाडी उतरवतात. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन मात्र सहसा उतरवत नाहीत. फक्त यांच्यावर असताना नाडी ४८ आली तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं: थायरॉइड, वाढलेलं पोटॅशियम, हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा! डोळ्यात घालायचं औषध छातीपर्यंत पोचतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. आणि एका गोळीत दोन औषधं असू शकतात, ॲम्लोडिपिनच्या जोडीला ॲटेनोलॉल हमखास सापडतं.

नाडी आणि बीपी हे दोन वेगळे आकडे. नाडी ५२ आणि वरचं बीपी १६० असा माणूस असतो. त्याला मीठ-पाणी पाजलं तर नाडी आहे तिथंच राहील, बीपी तेवढं चढेल.

आता 'गोळी बंद करा'. मला खरी भीती याचीच वाटते. बीटा ब्लॉकर वर्षानुवर्षं ॲड्रेनलिनला, म्हणजे हृदयाला पळवणाऱ्या शरीरातल्याच रसायनाला, हृदयाच्या दारात अडवून ठेवते. अडवलंय म्हटल्यावर हृदय आणखी नवी दारं उघडून बसतं. अशात गोळी एकदम सोडली की तेच ॲड्रेनलिन त्या सगळ्या दारांतून आत घुसतं. नाडी धावते, बीपी उसळतं. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात, त्याला छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. म्हणून ही गोळी सोडवायची झाली तरी डॉक्टर सहसा आठवडा-दोन आठवड्यांत थोडीथोडी कमी करत नेतात.

त्या मजकुरातली भीती अगदीच खोटी नाही. चक्कर, डोळ्यापुढं अंधारी, बेशुद्धी, धाप, छातीत दुखणं यांपैकी काही असेल तर आकडा कितीही असो, पुढची गोळी घ्यायची का हे ठरवत घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा. त्रास नसतानाही नाडी वरचेवर ५० च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना फोन करा. आणि 'लॉल'वाल्या गोळीबरोबर व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलं असेल, तर दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवा.

त्या तिघांतल्या एका काकांच्या स्ट्रिपवर नुसतं टेल्मिसार्टन होतं. घरच्या मशीनवर नाडी ४४. त्यांना पाच मिनिटं स्टुलावर बसवलं, अंगठ्याखाली मनगटाला बोटं लावून पूर्ण मिनिटभर मोजली. ६८ भरली, पण मधूनच ठोका चुकत होता. ठोके अनियमित असले की मशीन फसतं. काकांना ईसीजी काढायला पाठवलं. स्ट्रिप त्यांच्याच खिशात राहिली.