घोडीसकट बिऱ्हाड

तंबू पहाटे तीन वाजता बसला. म्हणजे आधी एक दांडी वाकली, मग छतावर पाणी साचत गेलं आणि शेवटी ते छत माझ्या कपाळाला थंडगार चिकटलं. हिनं टॉर्च लावला आणि अत्यंत शांतपणे म्हणाली, "अरे, ट्रेलर रिकामाच आहे की."

पिकअप ट्रकमागे ओढून आणलेला आमचा घोड्यांचा ट्रेलर रिकामा होता, कारण राणी आणि डस्टी, म्हणजे आमची घोडी आणि घोडा, बाहेर दोन झाडांमध्ये उंचावर ताणलेल्या दोराला बांधलेले होते. अंगावर पावसाळी झूल घालून दोघंही उभ्या उभ्या डुलक्या काढत होते. उरलेली रात्र आम्ही त्यांच्या जागेत, रबरी मॅटवर काढली. मॅट मी आदल्या दिवशी स्वतः धुतली होती. पण एक घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं आणि मॅट या गोष्टी विसरत नाही. सकाळी केसांतलं गवत काढत बाहेर आलो, तेव्हा भाडं थकलेल्या भाडेकरूकडे मालकीण बघते तशी राणी माझ्याकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर ठरलं. लिव्हिंग क्वार्टरवाला ट्रेलर घ्यायचा.

इथे अमेरिकेत घोडेवाले लोक हा शब्द आपल्याकडच्या 'टू बीएचके'सारखा उच्चारतात. मागे घोडे, पुढे माणसं, मध्ये एक भिंत. माणसांच्या बाजूला पलंग, शेगडी, फ्रीज, संडास, शॉवर, सगळं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं ऐकलं होतं. यात बिऱ्हाडाच्या पाठीला घोडी असते, एवढाच फरक.

पहिले दोन आठवडे मी ट्रेलर स्वयंपाकघरावरून निवडत होतो. दोष माझा नाही. जाहिरातीत तीस फोटो असतील तर सव्वीस ओट्याचे, सोफ्याचे आणि उशांचे असतात. घोड्यांच्या जागेचा एखादाच, तोही अंधारात काढलेला. त्यातच मला आठ फूट शॉर्ट वॉलचा, तीन घोड्यांचा एक गूसनेक आवडला. गूसनेक म्हणजे ज्याची हंसासारखी मान ट्रकच्या हौद्यावर येऊन आतल्या गोळ्यावर बसते तो. आणि शॉर्ट वॉल म्हणजे असं, की आत घोडे तिरके उभे राहतात, म्हणून मधली भिंतही तिरकी असते. परिणामी माणसांच्या खोलीची एक बाजू आठ फूट भरते, तर समोरची जवळजवळ बारा. माप सांगायचं ते आखूड बाजूचं. विकणारा स्वतःहून माल कमी करून सांगतो असा मी पाहिलेला हा एकमेव धंदा.

मी आत जाऊन सोफ्यावर बसलो. मग मानेतल्या पलंगावर चढलो. तिथे आडवं होता येतं, कुशीवर वळता येतं, पण उठून बसता येत नाही. बसलो. कपाळमोक्ष हा शब्द मी आजवर फारच सैलपणे वापरत होतो.

"आतल्या बाजूला कोण झोपणार?" हिनं खालून विचारलं.

"मी."

"रात्री तीनदा तू उठतोस. म्हणजे तीनदा माझ्या अंगावरून जाणार."

तरीही मी हट्टाला पेटलो होतो. घोडं पेंड खाल्लं ते भलतीकडेच. आमचे घोडे ज्या तबेल्यात असतात तिथे एक आजोबा आहेत. सत्तरीचे, पाय धनुष्यासारखे, बोलणं दिवसाला अंदाजे अकरा वाक्यं. त्यांना मी उत्साहानं फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "ट्रकचं दार उघड."

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. चार वर्षांत तो माझ्या नजरेसही पडला नव्हता. त्यावर लिहिलं होतं की माणसं आणि सामान मिळून ट्रकवर 1,640 पौंडांपेक्षा जास्त वजन पडता कामा नये. मी म्हटलं, "पण माझा ट्रक अकरा हजार पौंड ओढतो, जाहिरातीत तसं छापलंय!" आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि गवताच्या पावतीमागे आकडे मांडायला घेतले.

रिकामा ट्रेलर साधारण 10,000. दोन घोडे 2,150. पाण्याची टाकी 40 गॅलनची, गॅलनला 8.34 पौंड, म्हणजे 334. गवत, खोगिरं, खाणं, भांडी, खुर्च्या आणि 'बायकोला सांगू नका पण तुमचं ते मोठं ग्रिल', 700. बेरीज 13,000 च्या वर. ओढण्याच्या हिशोबातच आम्ही नापास. पण आजोबा तिथे थांबले नाहीत. गूसनेकचा पाचवा ते चौथा हिस्सा भार थेट ट्रकच्या पाठीवर बसतो. म्हणजे अडीच हजारांपासून सव्वातीन हजारांपर्यंत. त्यात आम्ही दोघं बसणार ते वेगळंच. त्यांनी 1,640 च्या आकड्याभोवती एक गोल काढला आणि निघून गेले. त्या दिवसाचा कोटा संपला असावा.

नाल सापडली म्हणून घोडा घेणारे लोक मला नेहमी मूर्ख वाटायचे. त्या रात्री मी घोड्यासाठी ट्रेलर आणि ट्रेलरसाठी मागे चार चाकांचा, 'एक टनी' म्हणतात तो दणकट ट्रक बघत बसलो होतो. हिनं लॅपटॉप मिटला. "तो ट्रक उभा करायला मग मोठं घर घेऊ," म्हणाली.

मग आम्ही जमिनीवर आलो, म्हणजे जुन्या ट्रेलरांवर. पुढचे सहा शनिवार-रविवार त्यात गेले आणि या काळात हिच्यात एक फौजदार जागा झाला. आत शिरल्याबरोबर ही आधी नाकानं दीर्घ श्वास घ्यायची. लिंबाच्या वासाची फवारणी असली की भुवई वर. मग पलंगाच्या कोपऱ्यात, खिडक्यांच्या खाली, छताच्या सांध्यापाशी बोटानं दाबायची. लाकूड बिस्किटासारखं दबलं की पाणी मुरलेलं. एका ठिकाणी कोपऱ्यात नेमकी एक नवी कोरी, धावत्या घोड्याची फ्रेम टांगलेली होती. हिनं फ्रेम उचलली. मागे जगाच्या नकाशासारखा डाग. मालक म्हणाला, "अरेच्चा." तो उच्चार इतका सराईत होता, की आमच्या आधी फ्रेम उचलणारे बरेच येऊन गेले असावेत.

माझ्याकडे टायर आले. टायरची नक्षी बघून भुलायचं नसतं हे मला कळलं. घोड्यांचा ट्रेलर वर्षातून चार वेळा हलतो, त्यामुळे रबर झिजत नाही, नुसतं म्हातारं होतं. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. "अगदी नवे आहेत," असं एकजण म्हणाला आणि मी गुडघे टेकून वाचलं: 2311. म्हणजे 2011 सालचा तेविसावा आठवडा. आमची मुलगी तेव्हा रांगत होती.

सगळ्यात नावडतं काम घोड्यांच्या बाजूची मॅट उचलण्याचं. एकेक मॅट माझ्यापेक्षा जास्त हट्टी. पण खाली काय चाललंय ते तिथेच कळतं. लाकडी फळ्यांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. सहज आत गेला तर नमस्कार करून निघायचं. ॲल्युमिनियम कुजत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण घोड्याचं मूत्र त्यालाही खातं. पांढरी पूड आणि खळगे दिसले की समजायचं. पाचशे किलोंचं जनावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं त्या तळावर उभं असणार, हा विचार एकदा डोक्यात आला की सोफ्याचा रंग दुय्यम वाटू लागतो. हे मी सांगतोय, ज्यानं सोफ्याच्या रंगावर दोन आठवडे घालवले.

शेवटी दोन उमेदवार उरले. दोन्ही दोन घोड्यांचे, दोन्ही ट्रकच्या मागच्या हुकाला अडकणारे, ज्याला बंपर-पुल म्हणतात. यात दहा ते पंधरा टक्केच भार ट्रकवर येतो. आमचा ट्रक जेमतेम पास होत होता, आम्ही दोघांनी दिवाळीचा फराळ बेतानं खाल्ला तर. पहिला देखणा होता: लाकडी कपाटं, एसी, मागे चढण्यासाठी रॅम्प. दुसरा म्हणजे सरळ सांगायचं तर एक डबा. सहा गॅलनचा गिझर, ज्यात एकाची अंघोळ होते आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा. टेबल खाली पाडून त्यावर गादी टाकली की पलंग. रॅम्प नाही, घोड्यानं पायरी चढायची. पण छत उंच, दोन घोड्यांमधला दुभाजक एका हातानं उघडणारा, घोड्यांच्या डोक्यापाशी मोठ्या खिडक्या आणि तळ ठणठणीत.

दोन्ही मालक भले होते. घोडे आणून चढवून बघा म्हणाले.

देखण्या ट्रेलरसमोर राणी थांबली. रॅम्पवर एक टाप ठेवली. पोकळ आवाज आला. टाप काढून घेतली. पुढचा एक तास चाळीस मिनिटं आम्ही गाजर, खाण्याची बादली, गोड बोलणं, दुर्लक्ष करणं असे सगळे उपाय केले. डस्टीला आधी चढवलं; तो बिचारा कशातही चढतो. राणीनं त्याला आत जाताना पाहिलं आणि शेपटी एकदा झटकली, बस्स. मालकीणबाई मध्येच चहा विचारून गेल्या.

दुसऱ्या ठिकाणी मी दोर हातात घेऊन मालकाला हवामानाबद्दल काहीतरी सांगत होतो, तेवढ्यात दोर ताणला गेला. वळून बघतो तर राणी पायरी चढून आत, जाळीतलं गवत ओढतेय. ही म्हणाली, "झालं." मी एसीबद्दल काही बोलणार होतो. नाही बोललो.

घरी आणताना, म्हणजे दारात मागे घालताना, आमच्या संसाराची खरी परीक्षा झाली. छोटा ट्रेलर मागे नेणं मोठ्यापेक्षा अवघड; तो लगेच वळतो आणि वळला की ऐकत नाही. स्टिअरिंग खालून धरायचं आणि हात जिकडे, तिकडे ट्रेलर, एवढाच मंत्र. पण ही मागे उभी राहून "इकडे, इकडे" म्हणत होती आणि आरशात मला दोन्ही बाजूंना इकडेच दिसत होतं. टपालपेटी वाचली. शेजाऱ्यांची गुलाबाची कुंडी गेली.

मग नेहमीप्रमाणे खोगीरभरती सुरू झाली: खोगिरं दोन, झुली चार, खरारे सहा, कशाला कोण जाणे. जंगलात बऱ्याच सरकारी जागांवर न्यायचं गवत तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचं प्रमाणित लागतं, म्हणून ते वेगळं घेतलं. ट्रक थांब्यावरच्या काट्यावर वजन करून पावती आजोबांना नेऊन दाखवली. त्यांनी ती वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "ग्रिल कुठंय?" मी म्हटलं, घरी ठेवलं. "हं," म्हणाले. ते वाक्य बारावं होतं.

पहिल्या रात्री पुन्हा पाऊस आला. मी गादीवर पालथा पडून छतावरचा ताडताड आवाज ऐकत होतो. कोरडा, उबदार, केसांत गवत नाही. बाहेर झाडं चिखलाच्या पलीकडे होती, म्हणून घोड्यांना ट्रेलरच्याच कडेला बांधलं होतं. डोळा लागतो न लागतो तोच पलंग हलला. मग पुन्हा. मग संथ लयीत, कपाटातले चमचे किणकिणत, सगळं बिऱ्हाड झुलू लागलं. भूकंप म्हणावा तर फार तालात.

रेनकोट घालून बाहेर गेलो. राणी ट्रेलरच्या कोपऱ्याला पार्श्वभाग लावून, डोळे अर्धे मिटून, मनसोक्त खाजवत होती.

"राणी, झोपायचंय गं आम्हाला," मी म्हटलं.

ती थांबली. मी आत येऊन बूट काढले, रेनकोट टांगला, आडवा झालो, पांघरूण घेतलं. दोन मिनिटं शांतता. मग दुसऱ्या कोपऱ्यावरून सुरू झालं.

"हा डस्टी," ही झोपेतच म्हणाली. "आता राणीची नाही, त्याची पाळी."