अमिश लोकांच्या गावात मोटरहोम नेताना

लेबर डेच्या लाँग वीकेंडला दोन कुटुंबांनी मिळून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्यानं घेतलं आणि न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत जाऊन आलो. तिथं अमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक राहतात. तेव्हापासून जो भेटतो तो हेच म्हणतो, "ते लोक अजून सतराव्या शतकात जगतात ना?" नाही. ते आपल्याच शतकात जगतात, आणि कित्येक बाबतींत आपल्यापेक्षा जास्त विचार करून जगतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या मोटरहोममधला फ्रीज प्रोपेन गॅसवर चालायचा. दिवे बॅटरीवर, आणि बॅटरी छतावरच्या सोलर पॅनेलवर. आता अमिश घरात बघा. त्यांनी तारेनं येणारी वीज नाकारली आहे, पण स्वयंपाकघरात फ्रीज असतो आणि तोही प्रोपेनवरच चालतो. दिवे बॅटरीचे. सुतारकामाच्या शेडमध्ये करवती आणि ड्रिल दाबाखालच्या हवेवर चालतात आणि ती हवा भरायला डिझेल इंजिन असतं. डेअरीला घालायचं दूधही डिझेलच्याच जोरावर थंड राहतं. साधनं जवळजवळ तीच आहेत. आम्ही ती घेतली होती घर उचलून कुठंही नेता यावं म्हणून. त्यांनी ती निवडली आहेत घर आणि शेजार जिथल्या तिथं राहावा म्हणून.

ही निवड कुणा एकट्याच्या लहरीवर होत नाही. याकोब आमान यांच्या अनुयायांचा गट 1693 मध्ये युरोपातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातून वेगळा झाला आणि छळ चुकवत अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात आला. त्यांना चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून प्रार्थना, तीही आळीपाळीनं एकेकाच्या घरी. त्यामुळे एका मंडळीत साधारण पंचवीस-तीस कुटुंबं, घोडागाडीच्या टप्प्यातली. काय वापरायचं आणि काय नाही याचे त्यांचे नियम असतात, त्याला ते 'ऑर्डनुंग' म्हणतात. वर्षातून दोनदा, मोठ्या प्रार्थनेच्या आधी, त्यावर सगळ्यांची सहमती घेतात. मनं जुळलेली नसतील तर ती प्रार्थनाच पुढे ढकलली जाते.

टेलिफोनचंच घ्या. 1910 च्या सुमारास लँकेस्टरच्या अमिश मंडळींनी घरातला फोन बंद केला. पण डॉक्टरला बोलवायला, व्यवहाराला फोन लागतो, म्हणून पुढे शेताच्या कडेला लाकडी खोपटात चार घरांत मिळून एक फोन आला. गरज भागते आणि जेवणाच्या टेबलावर घंटा वाजत नाही. गाडीचंही तसंच आहे. स्वतःची घेत नाहीत, पण दवाखान्यात किंवा लांब लग्नाला जायचं तर ड्रायव्हरसकट व्हॅन भाड्यानं करतात. याला ढोंग म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. दारात गाडी उभी असली की माणूस रोज लांब जातो आणि शेजाऱ्याची गरज उरत नाही. त्यांनी हे आधीच ओळखलं आणि नेमकं तेवढंच रोखलं.

शेजाऱ्याची गरज उरल्यानं काय होतं तेही तिथंच कळतं. कुणाचं कोठार जळालं तर आसपासचे लोक जमतात आणि नवं उभं करूनच थांबतात. आपल्या गावाकडची इर्जिक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. दवाखान्याचं मोठं बिल मंडळी मिळून भरते. म्हाताऱ्यांसाठी मूळ घराला जोडून छोटं घर बांधतात. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या अमिश लोकांना 1965 पासून सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेच्या, करातून सूट आहे, ती याच बळावर.

सगळंच पटतं असं मात्र नाही. त्यांची मुलं आठवीनंतर शाळेत जात नाहीत. 1972 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही धर्मस्वातंत्र्याच्या आधारावर तो हक्क मान्य केला. मी सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रातून आलेली बाई आहे. एखाद्या हुशार मुलीचं शिकणं चौदाव्या वर्षी थांबतं हे मला सलतं, आणि निकाल वाचूनही सलतच राहतं. बाप्तिस्मा घेऊन नंतर पंथ सोडणाऱ्याला बहिष्काराला तोंड द्यावं लागतं, तेही मला क्रूर वाटतं. पण हे आक्षेप घ्यायचे तर त्यांना माणसं समजून घ्यावेत, प्रदर्शनातल्या वस्तू समजून नव्हे.

कारण आपण तिथं वागतो ते बघवत नाही. शेतात खेचरांचा औत चालू असताना गाडी थांबवून मुलांच्या तोंडावर फोन धरणारी माणसं मी पाहिली, त्यांत आपली मराठीही होती. चेहऱ्याचा फोटो त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. मूर्ती करू नये ही बायबलची आज्ञा ते पाळतात आणि मिरवणं त्यांना पाप वाटतं. शेतांचे फोटो काढा की हवे तेवढे.

मोटरहोम नेणार असाल तर रूट 340 वर, बर्ड-इन-हँड ते इंटरकोर्स या पट्ट्यात, घाई ठेवूच नका. राखाडी बग्गी ताशी आठ-दहा मैलांनी चालते. मागचा नारिंगी त्रिकोण दिसला की लांबूनच वेग कमी करा. हॉर्न नको, घोडा बुजतो. समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत मागेच राहा आणि पुढं जाताना भरपूर अंतर सोडा. काउंटीत छत असलेले लाकडी पूल बरेच आहेत, पण मोटरहोमची उंची 12 फुटांच्या आसपास असते. पुलावरची पाटी वाचल्याशिवाय तिकडं वळू नका, जीपीएसवर विसंबू नका. रविवारी अमिश दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी शनिवारीच उरका. काकवीचा गोड शूफ्लाय पाय, लोणच्यासारखं चाउचाउ, मका, टोमॅटो, सगळं रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळतं. काही ठिकाणी विकायला कुणी नसतं, नुसती पैशांची पेटी असते. सुटे पैसे जवळ ठेवा आणि पाटीवर लिहिले असतील तेवढे पूर्ण टाका.