मध्यरात्रीचा जावई

काडेपेटीहून थोडे लांब असे, विजेच्या संदेशांचा प्रकाश करणारे चारशे गिगाबिटचे ऑप्टिकल मॉड्यूल मी नेटवर्कमधली माहिती इकडून तिकडे पाठवणाऱ्या स्विचच्या खाचेत सरकवले, तेव्हा ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये रात्रीचा एक वाजला होता. बाहेर मे महिन्याचा उकाडा होता आणि आत मी स्वेटर घालून उभा होतो, कारण तिथली थंड हवा यंत्रांसाठी असते, माणसांसाठी नव्हे. पहाटे चारच्या आत जोडणी सुरू करून द्यायची होती. ‘टक्’ असा समाधानकारक आवाज झाला, पण दिवा काही लागला नाही.

अशा प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात त्याचा दाखला लिहिलेला असतो आणि स्विच तो दोन तारांच्या संथ वाटेने वाचतो. एका वेळी २५६ बाइटच समोर दिसतात. त्यांतले पहिले १२८ कायमचे असतात आणि उरलेले पान उलटून वाचायचे असतात. पहिल्याच बाइटमध्ये मॉड्यूलची जात सांगितलेली असते, आणि उत्पादकाच्या नावाला जेमतेम सोळा अक्षरांची जागा असल्यामुळे तिथे आमच्याकडच्यासारखे वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिण्याची सोय नाही. दोन्ही टोकांना मॉड्यूल असलेल्या तांब्याच्या केबललाही असा दाखला असतो आणि तिला स्वतःची लांबी ठाऊक असते. आमच्या भांडारपालांना ती आजवर कधीही ठाऊक नव्हती.

पूर्वीची मॉड्यूले साधीभोळी होती. माहितीच्या चार वाटा असलेल्या क्यूएसएफपी जातीच्या मॉड्यूलसाठी एसएफएफ-८६३६ नावाचे मानक होते, आणि मॉड्यूल बसवले की ते बहुधा आपणहून उजेड पाडू लागे. पुढे वाटा आठ झाल्या, विजेची भूक वाढली, आणि सर्वांना एकच रीत असावी म्हणून सीएमआयएस हे सामाईक मानक आले; आज ते ऑप्टिकल इंटरनेटवर्किंग फोरम हा उद्योगातला मंच सांभाळतो. रीत एकच झाली हे खरे, पण ती जावयाची झाली. हे मॉड्यूल आधी दीड वॅटवर ओसरीत बसून राहते. स्विचने त्याची भूक किती ते विचारावे, तेवढे आपल्या घरात आहे याची खात्री करावी आणि मगच ‘आत या’ म्हणावे. आत आल्यावरही ते पानावर बसत नाही. चारशेचा एक प्रवाह हवा की शंभराचे चार, हे निवडून सांगितल्यावरच त्याचा लेझर पेटतो. मानकात स्विचला ‘होस्ट’ म्हणजे यजमानच म्हटले आहे, तेव्हा लिहिणाऱ्यांनाही याची कल्पना असावी.

आमच्या स्विचमधले सॉफ्टवेअर मात्र जुन्या वळणाचे निघाले. पाहुणा आपणहून उठेल म्हणून यजमान थांबला होता आणि यजमान बोलावील म्हणून पाहुणा थांबला होता. दोघांच्या मध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तासभर मध्यस्थी केली, शेवटी नवे सॉफ्टवेअर चढवले, आणि अडीच वाजता पाहुण्याने लेझर पेटवला. पाठवलेला प्रकाश उत्तम होता. पलीकडून आलेला प्रकाश मात्र उणे ४० डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचे माप), म्हणजे आमच्या भाषेत मिट्ट काळोख होता.

“सर, तुमची केबल भलत्याच पॅनेलला जाते आहे,” पलीकडच्या खोलीतून तंत्रज्ञाचा फोन आला.

काचेच्या साध्या केबलला पोटात दाखला नसतो. तिची ओळख दोन्ही टोकांच्या चिठ्ठ्यांवरच चालते, आणि त्या कशा लिहाव्यात याचेही टीआयए-६०६ नावाचे मानक आहे. ते न पाळणाऱ्या बेजबाबदार माणसाविषयी मी फोनवर पाच मिनिटे कठोर शब्दांत बोललो आणि चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायला सांगितले.

“‘तात्पुरती. उद्या बदलणे.’ तारीख २०२१ ची आहे, सर,” तो म्हणाला आणि थोडा घुटमळला. “खाली सही तुमचीच दिसते.”