उमेदवाराचं नाव कळण्याआधी बसायला हवं

निवडणूक जाहीर झाली की चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या गेटवर आणि मंडळाच्या कट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, "मग, यंदा कोणाला?" त्यावर रंगणाऱ्या चर्चेत कोणी कोणाचं ऐकत नाही, कारण प्रत्येकाचं उत्तर घरूनच ठरून आलेलं असतं. मला मनापासून वाटतं की शेजाऱ्यांनी एकत्र बसून बोलायचं ते दुसऱ्याच गोष्टीवर. आपल्या वतीने सभागृहात बसणाऱ्या माणसात काय असलंच पाहिजे आणि काय असलेलं आपण खपवून घेणार नाही? मत कोणाला, हे ज्याचं त्याने यंत्रासमोर एकट्याने ठरवावं. कसोटी मात्र चारचौघांत ठरवता येते, आणि ती ठरवायची एक रीत आहे. तीच नीट मांडायची म्हणून ही पोस्ट लांबली आहे.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून जातो. राज्यातल्या इतर महापालिकांसारखं एका प्रभागातून अनेक नगरसेवकांचं पॅनल इथे नाही. 227 प्रभाग, प्रत्येकात एकच निवड. 2017 मध्ये प्रभाग 220 मध्ये पहिल्या दोघांना सारखी मतं पडली आणि चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. त्या वर्षी शहरातलं मतदान होतं साधारण 55 टक्के. पुढे मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ या शहराला नगरसेवकच नव्हते. 2025-26 चा 74 हजार कोटींच्या वरचा अर्थसंकल्प प्रशासकाने मांडला. इतका पैसा कोणाच्या हातून खर्च व्हावा, याचा निर्णय आपण शेवटच्या आठवड्यातल्या रिक्षाच्या भोंग्यावर सोडून देतो, याचं फार वाईट वाटतं.

पहिली बैठक उमेदवारी जाहीर होण्याच्या निदान दोन महिने आधी घ्या. याचं मुख्य कारण माणसाच्या स्वभावात आहे. एकदा चेहरा समोर आला की आपण कसोटीच त्या चेहऱ्याच्या मापाने कापून घेतो. आपला माणूस दबंग असेल तर दबंगपणा हाच गुण वाटायला लागतो. शिवाय माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत असते, आणि उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या तारखेपासून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे उरतात. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 मध्ये हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या त्या शांततेच्या काळात. म्हणून 1992-93 च्या दंगलीत मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहू शकली. बोलण्याची सवय आधी लागलेली असावी लागते.

एका बैठकीला 12 ते 15 माणसं पुरेत. वीसच्या वर गेलात की चार जण बोलतात आणि बाकीचे मोबाईल काढतात. माणसं मुद्दाम मिसळून बोलवा: मालकीवाले, पागडीवाले, भाडेकरू, घरकाम करणाऱ्या ताई, नव्याने मतदार झालेली मुलं. एकाच जातीचे किंवा एकाच गावचे पंधरा जण बसले तर ती गावकीची सभा होते. बायकांची एक बैठक वेगळी ठेवा, दुपारी 3 ते साडेचार, पाण्याची वेळ सांभाळून. मिश्र बैठकीत सासरे किंवा दीर समोर असले की बऱ्याच जणी "हे म्हणतात तेच" एवढंच म्हणतात. लोकलने परतणाऱ्यांसाठी रात्री 9 नंतर. जागा गॅलरी, गच्ची किंवा बालवाडीचा हॉल. देऊळ, मशीद, चर्च नको. आचारसंहितेत प्रार्थनास्थळं प्रचाराला वापरायला मनाई आहे, आणि तसंही परक्या धर्माचा शेजारी तिथे अवघडून बसतो. माईक लावू नका. वर्तुळात सतरंजीवर बसा. खुर्च्या मांडल्या की समोर व्यासपीठ तयार होतं.

एखाद्या पक्षाचा शाखेतला माणूस तुमच्याच मजल्यावर राहत असेल तर त्याला चोरून बैठक घेऊ नका, संशय वाढतो. त्याला जाऊन सांगा, "दादा, पहिल्या फेरीत कुठल्याच पक्षाचं कोणी नाही. दुसऱ्या फेरीत सगळ्या पक्षांना एकत्र बोलवणार आहोत, तेव्हा तुम्ही या." बहुतेक जण हे मान्य करतात.

दीड तास पुरतो. एकाने बोलतं करायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोन्ही कामं एकाकडे दिली की दोन्ही बिघडतात. सुरुवातीलाच नियम सांगायचा: पक्षाचं, नेत्याचं, उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही. मग प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या. आणि इथे सर्वांत मोठी चूक होते. "तुमची मूल्यं कोणती?" असं विचारलं की लोक शाळेच्या वहीतले शब्द देतात: प्रामाणिकपणा, एकता, विकास. त्याला कोणाचाच विरोध नसतो, म्हणून त्यातून काही ठरतही नाही. प्रश्न घटनेचा विचारा: "गेल्या वर्षभरात वस्तीत कशाचा राग आला? काय बघून बरं वाटलं?" मग चिठ्ठ्यांवर खरी वाक्यं येतात. "टॉवरला पाणी फोर्सने येतं, आम्हाला चाळीस मिनिटं." "नळाच्या कनेक्शनला मधला माणूस लागतो." "मुलीला रात्री स्टेशनवरून एकटी यायला भीती वाटते."

ही गाऱ्हाणी झाली. इथेच थांबलात तर हाती निवेदन लागेल, आणि निवेदन काय, कोणीही उमेदवार हसत स्वीकारतो. प्रत्येक चिठ्ठीला दोनदा "का?" विचारा. पाणी कमी येतं याचा राग का? कारण बाजूच्यांना जास्त येतं. त्याचा का? कारण पट्टी भरूनही आपल्याला कमी लेखलं जातं. आता हाताला लागलं ते समान वागणुकीचं मूल्य. मधल्या माणसाच्या चिठ्ठीतून येतो उघड व्यवहार. दोनदा पुरे; तिसऱ्यांदा विचारलंत तर उलटतपासणी वाटते आणि माणूस मिटतो.

यापुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर ठेवा. मोकळा फुटपाथ हवा की फेरीवाल्याचं पोट? 2014 च्या कायद्याने लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचं आहे, आणि तो फुटपाथ म्हाताऱ्या आजींनाही लागतो. पुनर्विकास लवकर हवा की प्रत्येक भाडेकरूची सही झाल्यावर? हातात दहा-दहा चवळीचे दाणे द्या आणि दोन वाट्यांत वाटायला सांगा. हात वर करायला लावलं की लोक आजूबाजूला बघून हात वर करतात. दाणे वाटताना विचार करावा लागतो. सहा-चार आले की विचारा, "ते चार का ठेवलेत?" या उत्तरांत शेजारी एकमेकांना प्रथमच नीट कळतात. आवाज चढला तर वाद मिटवायला जाऊ नका. समोरच्याचं म्हणणं त्याच्या समाधानाइतकं आधी आपल्या शब्दांत सांगायचं, मग आपलं, एवढीच अट घाला.

"सगळे चोर आहेत" हे वाक्य प्रत्येक बैठकीत येणारच. ते खोडू नका, "त्यातल्या त्यात कुठली चोरी अजिबात सहन होणार नाही?" असं विचारा.

शेवटी पाचच मूल्यं ठेवा आणि प्रत्येकापुढे तपासता येईल असा एक प्रश्न व पुरावा लिहा. उघड व्यवहार असेल तर उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं प्रतिज्ञापत्र: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर दोन्हींतली मालमत्ता शेजारी ठेवा. गुन्ह्यांत आरोप निश्चित झाले आहेत का, कलम कुठलं, हे बघा. आंदोलनातला जमावबंदीचा गुन्हा आणि महिलेवरच्या अत्याचाराचा गुन्हा एका पारड्यात घालू नका. सभागृहातल्या कामाची नोंद हवी असेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागा. आणि प्रश्न योग्य निवडणुकीला विचारा. पाणी, गटार, कचरा, पालिकेच्या शाळा, दवाखाने, बेस्टच्या बस नगरसेवकाला. पोलीस आणि झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेचं धोरण आमदाराला. लोकलची गर्दी खासदाराला.

मग दुसरी फेरी. उमेदवार ठरले की सर्वांना तेच पाच प्रश्न, प्रत्येकाला सारखी दहा मिनिटं. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवा, पण त्याच्यावर शेरे नकोत. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत असा कार्यक्रम अजिबात घेऊ नका.

आता कडू बोलतो. सोसायटीला रंग, लादी, सीसीटीव्ही, पाण्याची टाकी मागायची आणि बदल्यात "आमची दीडशे मतं" द्यायची, ही प्रथा आपल्यासारख्या शिकलेल्या लोकांनीच रुजवली आहे. कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही लाचखोरीचे गुन्हेगार आहेत. शिवाय कमिटीला कोणाचंही मत परस्पर देता येत नाही. मत गुप्त आहे. तसंच जात-धर्माचं. 1990 च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी बहुमताने निकाल दिला की उमेदवाराच्याच काय, मतदाराच्याही धर्म, जात किंवा भाषेच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट मार्ग आहे. मराठी शाळा टिकाव्यात हा आग्रह बैठकीत जरूर धरा, माझाही आहे. तो शाळेच्या कारभाराच्या प्रश्नात उतरवा.

मतदार यादीचं काम त्याच बैठकीत उरकून घ्या. नवीन नाव अर्ज 6, पत्ता बदल किंवा दुरुस्ती अर्ज 8. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीतूनच तोडून करतात, म्हणून ठरलेल्या तारखेआधी नाव तिथे हवं. भाड्याने राहणाऱ्यांनाही राहत्या जागी नोंदवता येतं. गावाला आणि मुंबईत अशी दोन्हीकडे नावं ठेवायला कायद्याने मनाई आहे. कोकणातल्या आपल्या मंडळींनी एक ठिकाण ठरवावं.

पाच प्रश्नांच्या कसोटीला एकही उमेदवार उतरला नाही तर? राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशाप्रमाणे स्थानिक निवडणुकीत "वरीलपैकी कोणीही नाही" ला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक होते. लोकसभा-विधानसभेला तसं होत नाही, हा फरक सांगायला विसरू नका.

पाच प्रश्नांचा कागद निकालानंतर फाडू नका. त्याची एक प्रत जिन्याखालच्या नोटीस बोर्डवर राहू द्या आणि सहा महिन्यांनी, निवडून आलेलं माणूस आपलं असो वा नसो, तोच कागद घेऊन त्याच पंधरा जणांनी त्याच्या ऑफिसात जा.